कोरडे तांदूळ

आत्या नीतिमान ठरल्या तेव्हा मी मोरीत बसून त्यांचीच चादर धूत होते.

आत्या म्हणजे माझी सासू. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. सहा वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून दिवा स्टेशनजवळच्या आमच्या खोलीत त्या पलंगावर आणि मी पलंगाभोवती. पलंग आणि मोरी यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी आहे, ती छतापर्यंत पोचत नाही. नळ चालू असला तर पलीकडचं काही कळत नाही. पण दोन दिवस पाणीच आलं नव्हतं. मी तांब्यातांब्याने पाणी घेऊन हळू हळू चादर चोळत होते, म्हणून सगळं ऐकू आलं.

पलीकडे पास्टर बसले होते. त्यांना घरात आणलं माझ्या नणंदेनं. ती कळव्याला राहते, चार वर्षांपासून विश्वासात आहे. ते लोक असंच म्हणतात, अमका विश्वासात आला, तमका अजून विश्वासात नाही. आत्याही गेल्या वर्षी विश्वासात आल्या. मी आले नाही. माझा नवराही आला नाही. पण आईला बरं वाटतंय ना, मग येऊ दे, एवढं म्हणून तो डोंबिवलीला कंपनीत ड्यूटीवर जायचा. त्या दिवशी नणंदही नव्हती, पास्टर एकटेच आले होते.

"आई, मनात जे असेल ते प्रभूला सांगा," पास्टर म्हणाले.

लकव्यापासून आत्यांचं बोलणं जड झालंय, पण मला त्यांचा प्रत्येक शब्द कळतो. त्या म्हणाल्या, "सुनेवर आळ घेतला मी. रिंग तिनं नव्हती घेतली. तिसऱ्या दिवशी मलाच घावली. गादीच्या शिवणीत."

"मग?"

"मग काय. भगतानं सगळ्यांसमोर तिचं नाव काढलेलं. आता घावली म्हणून सांगितलं असतं तर चाळ मला हसली असती. कळव्याच्या पुलावरनं खाडीत टाकली मी ती."

 पास्टरांनी प्रार्थना केली. आत्या रडत होत्या. प्रार्थना संपल्यावर ते म्हणाले, "झालं, आई. संपलं. तुम्ही विश्वास ठेवलात, देवानं तुम्हाला नीतिमान ठरवलं. आता तुमच्या नावावर काही नाही. तो पुन्हा त्याची आठवणसुद्धा काढणार नाही."

"मला काही करायला नको?"

"काही नको. करून कुणी नीतिमान होत नाही. हे फुकट मिळतं."

मी चादर पिळली. मग हात पुसून चहा ठेवला. पास्टर निघताना दारात थांबले आणि म्हणाले, "ताई, प्रभू फार चांगला आहे." त्यांना ठाऊक होतं की या घरात सून एकच आहे. मी मान हलवली आणि कप घेतला. मी अशीच आहे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, एकट्या माणसासमोरही निघत नाही. म्हणून हे मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते आहे.

रिंगेची गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा आम्ही कळव्याला चाळीत राहायचो. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलेलं. नणंदेच्या लग्नासाठी केलेल्या कानातल्या सोन्याच्या दोन रिंगा होत्या, त्यातली एक सापडेना. आत्यांनी डबे उपसले, ट्रंक उपसली. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मी भांडी घासत असले तरी बघायच्या.

खाडीपलीकडच्या गावात एक भगत होता. तो तांदूळ मंतरून द्यायचा. ज्यांच्यावर संशय असेल त्यांना चिमूटभर तांदूळ चावायला लावायचे आणि कागदावर थुंकायला सांगायचे. ज्याचे ओले निघतील तो खरा, ज्याचे कोरडे निघतील तो चोर. आमचं घर बुद्धाला मानणारं, रविवारी वंदना म्हणणारं. भगताला घरात घेणं आम्हाला मुळीच शोभणारं नव्हतं. आत्यांनाही ते कळत होतं. म्हणून भगत यायच्या आधी त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर टॉवेल टाकला.

आम्ही नऊ बायका होतो, मी आणि त्या आठवड्यात आमच्या खोलीत येऊन गेलेल्या आठ जणी. चाळीच्या गॅलरीत आम्हाला ओळीने बसवलं. प्रत्येकीच्या पुढे पेपरचा एकेक तुकडा. बाकीची चाळ बघायला उभी. मी नवी सून, डोक्यावर पदर, खाली मान. इतक्या लोकांसमोर मी कधी पाणीही प्यायले नव्हते. तांदूळ तोंडात टाकले आणि जीभ टाळ्याला चिकटली. मी चावत होते, पण तोंडात थुंकीच नव्हती. भगत एकेकीच्या पुढे वाकून बघत येत होता. माझ्यापाशी आला. मी कागदावर थुंकले. पीठ पडावं तसं पांढरं भुरभुर पडलं.

भगत काही बोललासुद्धा नाही. त्यानं नुसता कागद उचलून सगळ्यांना दाखवला.

मला कुणी मारलं नाही. आत्यांनी शिव्याही दिल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आपल्याच घरातलं निघालं, काय करायचं." नवरा दारात उभा होता, तो आत निघून गेला. नंतर मी त्याला शपथ घेऊन सांगितलं तेव्हा म्हणाला, "जाऊ दे गं, आई काही तुला घराबाहेर काढत नाहीये ना." आजही त्याला वाटतं की त्या दिवशी त्यानं माझी बाजू घेतली.

मग माझं नाव कोरडी पडलं. आधी पोरं म्हणायला लागली, मग बायकाही आपापसांत म्हणायच्या. लग्नकार्यात बायका साड्या बदलायच्या त्या खोलीत मी गेले की कुणीतरी सहज आल्यासारखं मागोमाग यायचं. बारशाला बाळाच्या अंगावर दागिने घालताना मला म्हणायचे, तू जा, चहाचं बघ. पुढे आम्ही दिव्याला आलो, इथे कुणी ओळखत नव्हतं. पण नातेवाईक तेच. माझी मुलगी सहावीत असताना एका लग्नातून आली आणि विचारायला लागली, "मम्मी, तुला कोरडी का म्हणतात?" मी म्हटलं, "मी कमी बोलते ना, म्हणून." तिला ते पटलं.

इतकी वर्षं मी एका गोष्टीवर जगत होते. वाटायचं, आत्यांना खरंच वाटतं की मी चोर आहे. माणूस चुकतो, भगतावर विश्वास ठेवतो, त्याचं काय करणार. म्हणून मी त्यांचं सगळं केलं. त्यांना भरवलं, पुसलं, रोज डायपर बदलला, पाठीला जखम होऊ नये म्हणून तासातासाला कुशीवर वळवलं. मनात होतं की एक दिवस त्यांना माझ्या हातावरून कळेल, हे हात चोराचे नाहीत. आणि त्यांना तिसऱ्याच दिवशी कळलेलं होतं.

चादर धुतली त्या दिवशी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना पेज भरवताना म्हटलं, "आत्या, काल मी ऐकलं."

त्यांनी तोंडातली पेज गिळली. मग म्हणाल्या, "ऐकलंस ना? मग झालं तर."

"लोकांसमोर सांगा. कळव्याच्या बायकांना सांगा. बाकी मला काही नको."

"देवाला सांगितलं मी. देवापेक्षा तू मोठी लागून गेलीस काय?"

"देवाला कोरडी म्हणत नव्हते, आत्या. मला म्हणायचे."

"त्यानं माफ केलं," त्या म्हणाल्या. "आता तू उकरून काढू नको. पेज दे."

मी पेज दिली. मग नणंदेला फोन केला. रिंग सापडल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकून तिच्याही डोळ्यांत पाणी आलं असणार, आवाजावरून कळलं. पण मग तीही त्यांच्यासारखंच बोलायला लागली. "वहिनी, ते सगळं आता क्रूसावर गेलं. तुम्हीही सोडून द्या, हलकं वाटेल."

"तुमच्या मम्मीला हलकं वाटतंय ना, ते माझ्यावरच ठेवून वाटतंय," मी म्हटलं. फोनवर मला थोडं बोलता येतं, समोरचं तोंड दिसत नाही म्हणून.

मला वाटलं, आपल्याला कळत नसेल. चौथी शिकलेली बाई मी. त्यांच्या पुस्तकात काही वेगळं असेल आणि मला चुकीचं ऐकू आलं असेल. म्हणून मी त्यांच्या रविवारच्या सभेला गेले. इथेच दिव्यात, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. आत्यांजवळ मुलीला बसवलं आणि गेले. सगळ्यात मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

पास्टर चांगलं बोलतात, खोटं कशाला लिहू. पहिल्या रविवारी त्यांनी कोर्टाचं उदाहरण दिलं. आरोपी पिंजऱ्यात उभा आहे, गुन्हा सिद्ध झालेला आहे. तेवढ्यात न्यायाधीश स्वतः खाली उतरतो, त्याची शिक्षा आपल्या अंगावर घेतो आणि म्हणतो, हा निर्दोष. सगळे हालेलुया म्हणाले. शेजारची बाई डोळे पुसत होती. मी विचार करत बसले की ज्याच्या घरी चोरी झाली तो त्या कोर्टात कुठे बसलाय? त्याला आत तरी घेतलंय का, की बाहेर बाकावर बसवून ठेवलंय आणि निकाल लागला तरी कुणी सांगायलाही आलं नाही?

दुसऱ्या रविवारी त्यांनी क्रूसावरच्या चोराचं सांगितलं. येशूच्या शेजारी एक चोर टांगलेला होता. त्यानं मरता मरता नुसतं म्हटलं, माझी आठवण ठेव, आणि येशू म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. ना त्यानं काही पुण्य केलं, ना कुणाचं काही परत केलं, नुसता विश्वास ठेवला. पास्टर आमच्याकडे हात करून म्हणाले, "तो चोर म्हणजे आपण सगळे."

माझे कान तापले. मी उठून जाणार होते. तेवीस वर्षं चाळीनं सांगितलं चोर आणि आता हा माणूसही भर सभेत तेच सांगत होता, वर मी त्याला आमेन म्हणायचं. त्या चोरानं निदान चोरी केलेली होती.

तिसऱ्या रविवारी मी सभा संपल्यावर थांबले. एवढं एक वाक्य बोलायला मला तीन रविवार लागले. पास्टर खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "ज्यानं चोरी केलीच नाही, त्यानं कुठं जायचं?"

त्यांनी खुर्ची खाली ठेवली. "ताई, तुमचं दुःख मला कळतं."

"दुःखाचं नाही विचारलं मी."

"बघा, देवासमोर निर्दोष असा कुणीच नाही. तुम्ही नाही, मी नाही. आणि सगळं पाप शेवटी देवाविरुद्धच असतं. म्हणून माफ करायचा हक्कही त्याचाच."

"शेवटी देवाविरुद्ध असेल," मी म्हटलं. "आधी माझ्याविरुद्ध आहे."

आता थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही हे मला ठाऊक होतं. नणंदेनं घरी ठेवलेलं त्यांचं पुस्तक मी दुपारी आत्या झोपल्या की वाचत होते, ओळीखाली बोट ठेवून. त्यात एका बुटक्या माणसाची गोष्ट मला सापडली होती. तो लोकांना लुबाडणारा असतो. येशूला बघायला झाडावर चढतो. येशू त्याच्या घरी जेवायला जातो, तेव्हा तो उभा राहून सगळ्यांसमोर म्हणतो, ज्याला फसवलं त्याला चौपट देईन. येशू त्याला म्हणत नाही की राहू दे, विश्वास ठेवलास तेवढं पुरे. मी हे पास्टरना सांगितलं आणि म्हटलं, "मला चौपट नको. एकपट पाहिजे. एक वाक्य."

ते म्हणाले, "तुम्ही वाचता?"

"चौथीपर्यंत शिकलेय."

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "आईंचा बाप्तिस्मा ठरतोय. त्या सगळ्यांसमोर साक्ष देतील. साक्ष म्हणजे आधी आपण काय होतो आणि प्रभूनं काय केलं, हे सांगायचं. मी त्यांच्याशी बोलतो, ताई. शब्द देतो."

मी घरी येताना रस्त्यात हसत होते. कुणी बघितलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

बाप्तिस्मा घरातच करायचा ठरला, पलंगावर, डोक्यावर पाणी ओतून. त्याचं पाणी मीच भरून ठेवलं, नव्या बादलीत, वर ताट झाकून. पुलावही मीच केला. कळव्याच्या चाळीतल्या बायकांना बोलवा, हे मी नणंदेला दोनदा सांगितलं. तिला वाटलं माझं मन पालटतंय. मी धरून त्या नऊ जणींपैकी दोघी वारल्यात, तिघी गावी गेल्यात. तिघी आल्या. त्यांत आमच्या शेजारच्या खोलीतली मावशीही होती. नवरा दारात उभा राहिला, तेव्हा राहिला होता तसाच. भिंतीवर तसबीर होती, तिच्यावर या वेळी कुणी टॉवेल टाकला नाही.

पाणी ओतून झालं. मी आत्यांचे केस पुसले, पाठीमागे उशा लावल्या. पास्टर म्हणाले, "आई, आता तुमची साक्ष द्या. मोकळ्या मनानं. आपण बोललो होतो ना, तसं."

आत्यांनी खोलीभर नजर फिरवली. कळव्याच्या तिघी समोरच चटईवर बसल्या होत्या. आत्यांची नजर तिथे थांबली आणि तेव्हाच मला कळलं.

"मी लई पापी होते," त्या म्हणाल्या. "तंबाखू खायची. भगताच्या नादाला लागलेले. तोंडानं फटकळ. सुनेलाही कधीमधी टाकून बोलले असेन. प्रभूनं सगळं धुतलं. आता मी त्याच्यापुढं स्वच्छ आहे."

"हालेलुया!" सगळे म्हणाले. नणंद टाळ्या वाजवत रडत होती. मी पास्टरांकडे बघितलं. ते पावाची ताटली उचलायला वाकले.

नंतर प्रभूभोजन. पावाचा एकेक लहान तुकडा आणि द्राक्षाच्या रसाचा घोट. पास्टरांनी आत्यांच्या तोंडात तुकडा ठेवला आणि सगळे प्रार्थना करायला लागले. त्यांची प्रार्थना एकेकाने करायची नसते. सगळे एकदम, मोठ्यानं, डोळे मिटून, आपापलं. कोण काय बोलतंय ते कुणालाच ऐकू येत नाही. खोली नुसती भरून गेली होती.

आत्यांना तुकडा गिळता येईना. लकव्यापासून कोरडं काही त्यांना जात नाही. मी हनुवटीखाली हात धरला, त्यांनी तुकडा माझ्या तळहातावर थुंकला. भुसा झाला होता त्याचा, पांढरा, जराही ओला नाही. त्यांनी तो बघितला आणि मीही बघितला.

त्यावरून काही ठरतं असं मी म्हणणार नाही. तोंड कोरडं पडण्यावर माझ्याइतका विचार कुणी केला नसेल. ते भीतीनं पडतं, औषधानं पडतं, ताप असला की पडतं. पण तो भुसा हातात आला आणि माझ्या आतून काहीतरी सुटलं. सगळे ओरडतच होते. मी त्यांच्या तोंडाजवळ वाकले आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. अगदी ओरडून बोलले. म्हटलं, खोटं बोललात. देवाचं नाव घेऊन माझ्या हातच्या पाण्यानं अंघोळ करून खोटं बोललात. मला ठाऊक होतं कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणूनच धीर झाला. आत्यांचा एक डोळा मिटत नाही, तो माझ्याकडे लागला होता. आणि मी बोलतेच आहे तोवर पास्टर म्हणाले, "आमेन."

सगळे एकदम थांबले. मी थांबले नाही, मला कळलंच नाही. साऱ्या खोलीत माझाच आवाज राहिला, "तिसऱ्या दिवशीच सापडली होती ना तुम्हाला!"

कळव्याच्या मावशीनं डोळे उघडले. "काय गं सापडली?"

 आत्यांनी मान भिंतीकडे वळवली. नणंद म्हणाली, "काही नाही मावशी, वहिनी दमल्यात. वहिनी, आता नको ना." मी पास्टरांकडे बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शब्द दिला होता. ते म्हणाले, "आपण एक गीत घेऊ या," आणि टाळ्या वाजवत गायला लागले.

मी हात धुवायला आत गेले. मावशी माझ्या मागोमाग आली. पूर्वी असं कुणी मागोमाग आलं की मी हात दिसतील असे ठेवायची. सवय जात नाही, त्या दिवशीही ठेवले.

"रिंग का गं?" तिनं हळू विचारलं.

"हो."

"तिलाच सापडली होती?"

"हो."

मावशी खाली पाटावर बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "सूनबाई, त्या दिवशी माझेपण तांदूळ कोरडेच होते."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मी ओळीत तुझ्यानंतरच बसलेले ना. भगत माझ्याकडे यायच्या आत त्यानं तुझा कागद सगळ्यांना दाखवला. मी माझा मुठीत चुरगळला. माझेच काय, दोघीतिघींचे कोरडे असतील. कोण नव्हतं घाबरलेलं?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत, मावशी?"

"कशी बोलू? तुझ्यावर गेलं म्हणून आम्ही सुटलो."

बाहेर गाणं चाललं होतं, ते याच अर्थाचं होतं. कुणीतरी आपल्या बदली सगळं सोसलं, म्हणून आपण सुटलो. खोलीभर लोक ते आनंदानं म्हणत होते. येशूला निदान ठाऊक होतं की आपण काय करतोय. तो आपल्या मनानं गेला असं ते सांगतात. मला कुणी विचारलं नव्हतं. मी फक्त लाजरी होते.

"आता चला आणि बाहेर सांगा," मी मावशीला म्हटलं.

ती उठली, हे तिचं मानलं पाहिजे. पुलावाच्या पत्रावळी वाढणं चाललं होतं. ती मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका गं, रिंग हिनं घेतली नव्हती. हिच्या सासूलाच सापडलेली. आणि तांदूळ माझेपण कोरडे होते, सांगून ठेवते."

 मग कळव्याची दुसरी बाई हसली. "अगं बाई, ते भगताचं? अजून तेच धरून बसलीस होय?" तिसरी म्हणाली, "आम्ही तर कधीच विसरलो. लोणचं आहे का गं?" आणि पास्टरांच्या सभेतली एक बाई मला जवळ घेऊन म्हणाली, "बघ, प्रभूनं आज तुलाही मोकळं केलं."

मी लोणचं वाढलं. ज्या गोष्टीसाठी मी तेवीस वर्षं मान खाली घालून चालले, ती लोणचं येईपर्यंतही त्यांच्या लक्षात राहिली नाही. माझी मुलगी पाण्याचा जग घेऊन उभी होती. ते ऐकून एकटी तीच थांबली आणि तिनं जग खाली ठेवला. कोरडी म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आत्यांना कुशीवर वळवत होते. त्या म्हणाल्या, "झालं तुझ्या मनासारखं?"

"नाही."

"आता काय राहिलं? सगळ्यांना कळलं की."

"मावशीनं सांगितलं. तुम्ही नाही सांगितलं. तुम्ही म्हणा. इथं कुणी नाही, मलाच म्हणा."

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी प्रभूला सांगितलंय."

त्याला आता पाच महिने होतील. पास्टर येतात, माझ्याकडे न बघता चहा घेतात. आत्यांची तब्येत खालावत चालली आहे. घास जवळजवळ जात नाही, चमच्यानं पाणी पाजावं लागतं. मी रोज सकाळी त्यांना स्वच्छ करून झालं की म्हणते, "म्हणा, आत्या." त्या डोळा दुसरीकडे फिरवतात. हे आमचं रोजचं झालंय.

गेल्या मंगळवारी मात्र वेगळं घडलं. उकाडा फार होता, आत्यांचे ओठ फुटले होते. मी चमचा भरला, ओठांजवळ नेला आणि तिथेच थांबवला. म्हटलं, "आधी म्हणा." त्यांनी चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. जीभ टाळ्याला चिकटलेली दिसत होती. ओठ हलायला लागले. मला स्पष्ट कळलं की त्या म्हणणार आहेत. आणखी थोडा वेळ चमचा तसाच धरला असता तर जे वाक्य मला हवं होतं ते मिळालं असतं.

आणि तेव्हा मला भगत आठवला. कोरडं तोंड समोर धरून त्यातून हवं ते काढून घ्यायचं, हे मी कुठून शिकले ते मला कळलं. मी चमचा घाईनं पुढे नेला, थोडं पाणी उशीवर सांडलं. उरलेलं मी त्यांना पाजलं. मग दुसरा चमचा पाजला, तिसरा पाजला. पाणी पोटात गेल्यावर त्यांनी ओठ मिटून घेतले आणि काही म्हटलं नाही.

मी उशीचा अभ्रा बदलला. मनात राग आहे तो तसाच आहे, तो कुणी धुतलेला नाही आणि धुवावा असं मला वाटतही नाही. आज सकाळीही मी म्हटलं, "म्हणा, आत्या." पण आता मी आधी पाणी पाजते आणि मग विचारते.